काळी मोटार खरंच काळी होती का?

जुन्या काळची मोटार डोळ्यांपुढे आणा, असं कुणालाही सांगितलं तर बहुतेकांना एकच चित्र दिसतं. उंच सडपातळ चाकं, पुढे दोन मोठे दिवे, वर कापडी टप, शेजारी कोट-पगडीतला कुणी मालक, आणि गाडीचा रंग काळा. मडगार्ड काळं, दारं काळी, टपही काळा. हे चित्र आपल्या मनात आलं कुठून? ती गाडी काही आपण पाहिलेली नाही. आपण पाहिलाय तो तिचा फोटो, आणि तो फोटो काळा-पांढरा आहे.

म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग समजतो, तो पुष्कळदा फिल्मचा रंग असतो. गोष्ट छोटी वाटते, पण तशी ती नाही. लिहिलेल्या इतिहासाबद्दल आपण शंका घेतो. लिहिणारा कोण, कुणाच्या दरबारातला, असं विचारतो. फोटोला मात्र आपण असं काही विचारत नाही. फोटो आहे म्हणजे घडलं, विषय संपला. त्यात तो काळा-पांढरा असेल तर भरवसा आणखी वाढतो. मोबाइलवर आलेला करडा फोटो आणि खाली चार ओळी, एवढ्यावर आज इतिहास तयार होतो आणि दुपारपर्यंत शंभर ग्रुपमध्ये पोचतो.

म्हणून आज जुन्या मोटारींच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंबद्दल लिहितोय. उर्दूत साक्षीदाराला ‘गवाह’ म्हणतात. हे फोटो इमानदार गवाह आहेत, यात शंका नाही. पण गवाह इमानदार असला तरी त्याला काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं आणि तो कुठे उभा होता, हे विचारावंच लागतं.

फोर्डचा काळा आणि काचेचा काळा

सगळ्यात प्रसिद्ध काळी गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी. अमेरिकेत १९०८ साली ती बाजारात आली आणि १९२७पर्यंत तिच्या दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. काळ्या रंगाबद्दलचं हेन्री फोर्डचं ते गमतीदार विधान इतकं गाजलं, की ही गाडी जन्मापासून मरेपर्यंत काळीच होती असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत मॉडेल टी लाल, हिरव्या, राखाडी आणि गडद निळ्या रंगात मिळत होती. फक्त काळी, हा नियम १९१४ ते १९२५ या काळातला. १९१३मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची पद्धत सुरू झाली. गाड्या भराभर बाहेर पडू लागल्यावर एकच, स्वस्त आणि टिकाऊ रंग सोयीचा ठरला. पुढे १९२३-२४मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग आला. जनरल मोटर्सने रंगीत गाड्या पुढे आणल्या. शेवटी फोर्डलाही १९२६च्या गाड्यांसाठी रंगाचे डबे पुन्हा उघडावे लागले.

आता त्या सुरुवातीच्या वर्षांतली एक लाल मॉडेल टी घ्या आणि तिचा त्या काळच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बघा. गाडी काळी दिसेल. पाहणारा म्हणेल, बघा, काळीच होती.

असं का होतं, ते समजायला थोडं रसायन बघावं लागेल. फोटोच्या काचेवर किंवा फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की तिथे बदल होतो आणि धुतल्यावर चित्र उमटतं. पण चांदीचे हे क्षार मुळात फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाशच ओळखतात. हिरवा, पिवळा, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. १८७३ साली बर्लिनच्या हर्मान फोगेल या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की त्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तो हिरवा आणि पिवळाही पाहू लागतो. अशा प्लेटना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. लाल मात्र त्यांनाही दिसत नव्हता. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. ज्यांनी जुन्या स्टुडिओंत तो लाल बल्ब पाहिलाय त्यांना हे आठवेल. फोटोवाल्याला त्या उजेडात दिसायचं, कागदाला दिसायचं नाही.

सगळे रंग पाहणारी, म्हणजे पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ साली इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने बाजारात आणली. पण ती महाग होती आणि पूर्ण अंधारात हाताळावी लागायची. त्यामुळे ती सगळीकडे रुळायला १९२०चं आणि १९३०चं दशक उजाडलं. याचा अर्थ असा, की मोटारीच्या जन्मानंतरची पहिली तीस-चाळीस वर्षं आपण ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे बहुतांशी लाल रंगाला आंधळे होते.

आता शर्यतीच्या गाड्यांचे त्या काळचे फोटो आठवा. युरोपात देशागणिक गाड्यांचे रंग ठरत गेले. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा, पुढे इटलीचा लाल. १९०३मध्ये आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत झाली, तेव्हा ब्रिटनच्या गाड्या हिरव्या रंगवल्या होत्या आणि तोच पुढे ब्रिटनचा रंग झाला. म्हणजे मैदान रंगांनी भरलेलं असायचं. लोक लांबून रंगावरून देश ओळखायचे. फोटोत काय उरलं? निळा रंग प्लेटला लख्ख दिसतो, म्हणून फ्रान्सच्या निळ्या गाड्या फिकट, पांढुरक्या झाल्या. इटलीची लाल गाडी काळी झाली. प्रेक्षक ज्या खुणेवरून ओरडत होते ती खूण फोटोत उरलीच नाही.

आपल्याकडचं उदाहरण हैदराबादचं आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली आणि त्यांच्या निधनानंतर सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या काळात आलेली रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट आज चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. १९१२ची ही गाडी ‘थ्रोन कार’ म्हणून ओळखली जाते, कारण तिच्यात मागे सिंहासनासारखं आसन आहे. तिचा रंग पिवळा आहे, झळझळीत पिवळा. त्या काळच्या साध्या प्लेटवर असा पिवळा गडद उमटायचा. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीबद्दल बोलणारे आजही खूप आहेत, चांगलं बोलणारे आणि वाईट बोलणारेही. दोघांच्याही मनात तो काळ करडाच आहे. त्या काळच्या रस्त्यावरून पिवळीधमक गाडी निघायची, हे चित्र कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. रंग गेला की काळ आपल्यापासून आणखी लांब जातो आणि त्यातली माणसंही आपल्यासारखी वाटेनाशी होतात.

पुढे झुकलेली गाडी

रंगाचं झालं, आता आकाराचं. जाक आँरी लार्तीग हा फ्रान्समधल्या श्रीमंत घरातला मुलगा. जन्म १८९४चा. वडिलांनी लहानपणीच कॅमेरा हातात दिला आणि त्याने घरातली माणसं, विमानं, मोटारी यांचे फोटो काढायचा सपाटा लावला. फ्रेंच ग्रां प्रीच्या शर्यतीत त्याने काढलेला एक फोटो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मोटार-फोटोंपैकी आहे. फोटो काढला तेव्हा तो विशीच्या आतला होता.

त्या फोटोत गाडी चौकटीत पुरती मावलेलीसुद्धा नाही. मागचं चाक गोल नाही, लांबट अंड्यासारखं आहे आणि पुढे झुकलंय. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट दिशेला कलले आहेत. जणू गाडीच्या वाऱ्याने सगळं ढवळून निघालंय.

हे कॅमेऱ्याच्या बांधणीमुळे झालं. त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटपुढे एक कापडी पडदा होता आणि त्या पडद्यात एक अरुंद फट. बटण दाबलं की ती फट प्लेटवरून सरकत जायची. म्हणजे सगळं दृश्य एका क्षणात टिपलं जात नव्हतं; खालचा भाग आधी आणि वरचा भाग किंचित नंतर. चाकाचा तळ टिपला गेला तेव्हा गाडी एका जागी होती, चाकाचा माथा टिपेपर्यंत ती पुढे गेली होती. म्हणून चाक पुढे झुकलं. लार्तीग गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता, पण गाडी त्याच्या हातापेक्षा वेगात होती. कॅमेरा फिरल्यामुळे स्थिर उभे असलेले लोक त्या प्लेटवर मागे सरकत राहिले आणि मागे कलले.

खऱ्या जगात ते चाक गोलच होतं आणि माणसं सरळच उभी होती. कॅमेऱ्याने दाखवलं ते कुणाच्याही डोळ्याला कधी दिसलं नव्हतं. तरीही वेग म्हणजे काय, हे त्या फोटोइतकं नेमकं सांगणारे फोटो थोडेच आहेत. कार्टूनमध्ये पळणारी गाडी आजही पुढे झुकलेली काढतात आणि लहान मुलालाही ते कळतं.

या फोटोची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. लार्तीग आयुष्यभर स्वतःला चित्रकार मानत राहिला. त्याचे फोटो अल्बममध्ये पडून होते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी ते मांडले, तेव्हा तो जवळजवळ सत्तरीचा होता. त्याच वर्षी लाइफ मासिकाच्या ज्या अंकात केनेडींच्या हत्येची बातमी होती, त्याच अंकात त्याचे फोटो छापले गेले आणि त्याचं नाव घरोघरी पोचलं. फोटोखाली वर्षानुवर्षं लिहिलं जायचं, की ही दलाज कंपनीची गाडी, साल १९१२. पुढे गाडीवरच्या ६ या आकड्यावरून अभ्यासकांनी दाखवलं, की ही गाडी थिओडोर श्नायडर कंपनीची असली पाहिजे. जगभर छापलेल्या फोटोखालची ओळसुद्धा तपासावी लागते, ती अशी.

फोटो एक, गोष्ट दुसरी

फोटोखालच्या ओळीवरून आपल्या देशातली एक आवडती गोष्ट आठवते. एक महाराजा साध्या कपड्यांत लंडनच्या रोल्स-रॉईसच्या शोरूममध्ये जातो. तिथला विक्रेता त्याला हिडीसफिडीस करतो. महाराजा चिडून सहा-सात गाड्या विकत घेतो, हिंदुस्थानात आणतो आणि नगरपालिकेला कचरा उचलायला देतो. कंपनी हादरते आणि माफी मागते. सोबत एक काळा-पांढरा फोटो येतो: मोटारीच्या पुढे दोन मोठे झाडू बांधलेले.

ही गोष्ट अलवरच्या महाराजांच्या नावावर सांगतात, भरतपूरच्या सांगतात, पटियालाच्या सांगतात आणि हैदराबादच्या निजामांच्याही नावावर सांगतात. एकच गोष्ट चार राजांची असेल तर ती कुणाचीच नसण्याची शक्यता जास्त. पण ते सोडा, आपण फोटोच नीट बघू. झाडू कुठे बांधलेत? बरोबर दोन चाकांच्या पुढे. मधला सगळा भाग मोकळा आहे. रस्ता झाडायचा असता तर झाडू पूर्ण रुंदीभर नको का? मधला कचरा कोण उचलणार? झाडू फक्त चाकांपुढे आहेत, म्हणजे सफाई रस्त्यासाठी नाही, टायरसाठी आहे. त्या काळी रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असायचे, खडे असायचे आणि टायर नाजूक होते. वाटेतला खिळा बाजूला सारला की पंक्चर टळायचं. फोटो स्वतः हे सांगतोय. आपण फोटो न बघता खालची ओळ वाचतो.

ही गोष्ट लोकांना का आवडते, हेही मला कळतं. गोऱ्या माणसाने केलेल्या अपमानाचा बदला त्यात आहे. गुलामीच्या काळातल्या अपमानांची यादी मोठी होती आणि ते अपमान खरे होते. पण खऱ्या दुःखावर खोट्या फोटोचं औषध लावलं तर उद्या कुणी आपलं खरं दुःखही खोट्यात जमा करेल.

टायर कुणी विकले?

मोटारीचे फोटो म्हटले की श्रीमंती आठवते, पण मोटार गरिबाच्या फोटोतही आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात मंदी आणि दुष्काळ एकदम आले. शेतं उडून गेलेली कुटुंबं मोडक्या गाड्यांवर गाद्या, भांडी आणि मुलं लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. सरकारने पाठवलेल्या छायाचित्रकारांनी हे सगळं काळ्या-पांढऱ्या फिल्मवर टिपलं. त्यांत डोरोथिया लँग हे मोठं नाव.

१९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर लँगने एका आईचा फोटो काढला. कपाळावर आठ्या, हात गालापाशी, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. ‘मायग्रंट मदर’ नावाने तो जगभर गेला. या फोटोत मोटार नाही, पण त्याच्या कथेत मोटार आहे. लँगच्या सांगण्यानुसार या बाईने पोटासाठी नुकतेच आपल्या गाडीचे टायर विकले होते. चाळीसेक वर्षं जग हेच वाचत राहिलं.

१९७८ साली ती बाई समोर आली. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती मूळची चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या आदिवासी समाजातली. हेही फोटोखाली कुठे लिहिलेलं नव्हतं. तिच्या घरच्यांनी सांगितलं, की टायर विकलेच नव्हते. त्यांची हडसन गाडी वाटेत बिघडली होती, घरातले पुरुष दुरुस्तीसाठी गावात गेले होते आणि गाडी सुरू झाल्यावर ते त्याच टायरांवर पुढे निघून गेले. फोटो छापून आल्यावर सरकारी मदतीचं धान्य त्या तळावर पोचलं, तोवर हे कुटुंब तिथून गेलेलं होतं. तळावरच्या इतरांना मदत मिळाली, फोटोतल्या बाईला नाही.

लँगवर खोटेपणाचा शिक्का मारायचं काही कारण नाही. घाईत दहा मिनिटांची भेट, दोन कुटुंबांची माहिती एकमेकांत मिसळली असेल. पण फरक लक्षात घ्या. टायर विकणारी बाई लाचार आहे. बिघडलेली गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलांना सांभाळत बसलेली बाई गरीब आहे, पण तिच्या हातात तिचा प्रवास आहे. एका ओळीने तिच्या हातातून ती मोटार काढून घेतली.

पुढच्याच वर्षी, १९३७च्या जानेवारीत, ओहायो नदीला पूर आला. लुईव्हिल शहरात मार्गारेट बर्क-व्हाइटने मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचा फोटो काढला. त्यांच्या मागे भिंतभर जाहिरात: मोटारीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब आणि अमेरिकेचं राहणीमान जगात सर्वांत उंच असल्याची घोषणा. हा फोटो आज पुष्कळ ठिकाणी मंदीतल्या बेकारांची रांग म्हणून छापला जातो. ती रांग पूरग्रस्तांची होती. त्या फोटोतला अन्याय खरा आहे, मोटारीत कोण बसलं आणि रांगेत कोण उभं राहिलं हेही खरं आहे. पण प्रसंग चुकीचा सांगितला, की अन्यायाचा पुरावा कमजोर होतो.

‘डालडा १३’ आणि काळी-पिवळी

आपल्या देशात काळ्या-पांढऱ्या फोटोचं आणि मोटारीचं नातं एका टोपणनावात बंद आहे. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३मध्ये नवसारीच्या पारशी घरात जन्म, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले जायचे, कारण बाईने काढलेल्या फोटोला वजन नव्हतं. पुढे दिल्लीत त्यांनी ‘डालडा १३’ हे नाव घेतलं. जन्म १९१३चा, पतीची भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या मोटारीचा नंबर डीएलडी १३. मोटारीच्या नंबर प्लेटवरून नाव घेणारी ही बाई जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन, साडी नेसून, स्वातंत्र्याची पहाट टिपत होती. १९७०मध्ये त्यांनी काम थांबवलं. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२च्या जानेवारीत त्या गेल्या.

त्यांच्या उलट टोकाला रघुबीर सिंग. ते जयपूरचे. भारत रंगाशिवाय पाहताच येत नाही, काळा-पांढरा फोटो ही पश्चिमेची नजर आहे, आपली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. अ‍ॅम्बॅसॅडर गाडीतून देशभर फिरत, तिच्या खिडक्या, आरसे आणि दारं यांची चौकट करून त्यांनी काढलेल्या रंगीत फोटोंचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर २००२मध्ये आलं. मला हे मत पूर्ण पटत नाही. होमाईबाईंचे फोटो परके वाटत नाहीत. पण रघुबीर सिंगांचा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो कळायला मुंबईच्या टॅक्सीसारखं उदाहरण नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या आणि १९७०च्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. मुंबईकराने तिला फियाटच म्हटलं आणि टॅक्सी झाल्यावर काळी-पिवळी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवसांत कित्येकांनी तिचे फोटो काढले, आणि हौसेने काळ्या-पांढऱ्या फिल्मवरही काढले.

आता विचार करा. पिवळं छप्पर काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फिकट करडं येतं. पांढऱ्या छपराचा आणि त्याचा फरक सांगणं कठीण. जिचं नावच रंगावरून पडलं, ती गाडी या फोटोंत निनावी होते. शंभर वर्षांनी कुणी हा फोटो पाहील तेव्हा ‘काळी-पिवळी’ हा शब्द आणि हा फोटो यांची गाठ कोण घालून देईल?

मालक कोण?

तरीही लोक आजही जुन्या मोटारींचे फोटो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढतात. विंटेज गाड्यांची रॅली निघाली की खांद्याला जुना कॅमेरा अडकवलेले दोन-चार जण दिसतातच. त्यांचं म्हणणं खोटं नाही. रंग बाजूला झाला की मडगार्डाचा बाक दिसतो, क्रोमवरचं आकाश दिसतं, दारावर हाताने झिजलेली जागा दिसते. रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, म्हणून माणूस थांबतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मग बटण दाबतो.

पण एक गोष्ट बदलली आहे. आजची फिल्म सगळे रंग पाहते. त्यामुळे काय काळं आणि काय पांढरं दिसेल, हे आता काढणाऱ्याच्या हातात आहे. लेन्सपुढे लाल काच लावा, लाल गाडी फिकट, जवळजवळ पांढरी होईल आणि निळं आकाश काळवंडेल. हिरवी काच लावा, तीच लाल गाडी गडद होईल. उर्दूत सर्व अधिकार एकाच्या हाती असलेल्या माणसाला ‘स्याह-ओ-सफेद का मालिक’ म्हणतात, काळ्या-पांढऱ्याचा धनी. फोटो काढणारा अक्षरशः तसा धनी असतो. पूर्वी प्लेट आंधळी होती म्हणून लाल गाडी काळी झाली. आता ती आपण करतो.

आणखी एक नवं संकट आहे. जुने काळे-पांढरे फोटो संगणकाने रंगवून फिरवले जातात. करड्या रंगाची एकच छटा लालची असू शकते, हिरव्याची असू शकते, तपकिरीचीही असू शकते. फोटोत जो रंग टिपलाच गेला नाही तो संगणक परत आणू शकत नाही, तो फक्त अंदाज करतो. गाडीच्या रंगात अंदाज चुकला तर फारसं बिघडत नाही. पण तोच फोटो जमावाचा असेल, त्यात झेंडे असतील, टोप्या असतील, फेटे असतील, तर? झेंड्याचा रंग अंदाजाने भरून इतिहास शिकवला जाऊ लागला तर त्यातून काय काय उभं राहू शकतं, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको.

यावर उपाय फार साधा आहे आणि प्रत्येकाच्या घरात शक्य आहे. घरातल्या पेटीत, कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या मागे असे फोटो असतातच. कुणाचे आजोबा ट्रकवर क्लीनर होते, कुणाचे मामा टॅक्सी चालवायचे, कुणाच्या वरातीला गावातली एकमेव जीप भाड्याने आणली होती. ते फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवा. गाडी कुणाची होती, कुठल्या रंगाची होती, मागे उभा असलेला तो पोरगा कोण, साल कुठलं, हे विचारा. जे सांगतील ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आठवत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाज लिहू नका.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांची नोंद कंपन्यांच्या वह्यांत आहे, संग्रहालयांत आहे. आपल्या माणसांच्या गाड्यांची नोंद कुठेच नाही. फोटोतली मोटार हिरवी होती, हे सांगणारी एकच म्हातारी घरात उरली असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ बसा.